‘ठीक आहे’चं बटण

“मी काहीच नाही केलं,” दार उघडता उघडताच बाबा म्हणाले.

मी अजून चपला काढल्या नव्हत्या, लॅपटॉपचं नाव काढलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

“मी विचारलं का काही?”

“विचारशीलच. म्हणून आधीच सांगून ठेवतो.” मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “एवढा वेळ लागला जिन्यात? खालचं फाटक वाजलं तेव्हाच मी उठलो होतो.”

“बॅग जड आहे. ठीक आहे, चला आत.”

त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. मी सरळ आईच्या शिलाई मशीनपाशी गेले. मशीन मिटलेलं, वर प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ, आणि त्यावर तो. निळाशार पडदा, पांढरी अक्षरं: ‘हा संगणक योग्य रीतीने बंद करण्यात आला नव्हता. त्रुटी तपासत आहे.’ खाली टक्केवारी अकरावर अडकलेली. मागच्या शनिवारी मी हेच वाक्य घालवून वर्ध्याला परत गेले होते. त्याच्या मागच्या शनिवारीही. ये रे माझ्या मागल्या.

आई गेल्यापासून बाबा यवतमाळच्या घरात वरच्या मजल्यावर एकटे राहत होते. खाली भाडेकरू होते, पण ते सकाळी जाऊन रात्री येणारे. माझा धाकटा भाऊ मुन्ना पुण्याला. त्याच्या मनात बाबांना केव्हाचं घेऊन जायचं होतं आणि बाबांच्या मनात जायचं नव्हतं. “बाराव्या मजल्यावर बसून काय करू मी? कबुतरं मोजू?” असं ते म्हणत. इथे सकाळचं फिरणं होतं, कोर्टासमोरच्या टपरीवरचा चहा होता, बाबा कोर्टाच्या कचेरीत नाझर होते तेव्हापासून नाझर साहेब नाझर साहेब म्हणणारे म्हातारे वकील होते. शेवटी बऱ्याच भांडणानंतर मुन्नाने अट घातली: रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉलवर बाबांचा चेहरा दिसला पाहिजे. नाही दिसला तर तो गाडी घेऊन येणार आणि बाबांना गाडीत घालून नेणार.

मोबाइलवर ते जमेना. बाबांची बोटं थरथरायची. मुन्नाला लावलेला फोन एकदा दूधवाल्याला लागला, आणि बाबांनी त्याच्याशी अर्धा तास बोलून घेतलं. म्हणून मुन्नाने आपला ऑफिसातला जुना लॅपटॉप पाठवला. त्याची बॅटरी मेलेली, पंखा पिठाच्या गिरणीसारखा, वजन विचारू नका. पाठवण्याआधी त्याने मोठ्या प्रेमाने त्यातलं सगळं मराठी करून ठेवलं होतं. वास्तविक बाबांना इंग्रजी आम्हा दोघांपेक्षा बरं येतं, पण मुन्नाला कोण सांगणार!

त्या आठवड्यात गुरुवारी कॉल झाला नव्हता, शुक्रवारीही नाही. मुन्नाचा मला फोन आला होता. “ताई, रविवारपर्यंत वाट पाहतो. रविवारी सातला तो डबा चालू नसला तर सोमवारी पहाटे मी निघालो.” आणि बाबांचाही आला होता, त्यांच्या बटणांच्या फोनवरून. एरवी ते फोनवर हुकूम सोडत. त्या दिवशी हळू आवाजात म्हणाले, “मला इथंच राहू दे, कुंदा. काहीतरी कर.”

म्हणून मी आले होते.

“आठवून सांगा बाबा, काल काय काय दाबलं?”

“काही नाही दाबलं.”

“मग हा असाच बिघडतो काय?”

“ते त्याला विचार. माझं वय झालं, त्याचंही झालं.”

माझ्या नाकी नऊ आले होते. मी त्या धोंड्याला पिशवीत घातलं आणि रिक्षा करून बाजारातल्या इमरानभाईच्या दुकानात नेलं. त्याने तो उघडला, फुंकर मारली, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिरडी घेऊन आले आहे.

“मॅडम, याचं आता तेरावं करून टाका.”

“रविवारपर्यंत जगवा. पुढचं पुढे.”

त्याने तासभर खटपट केली. निळा पडदा गेला, कॅमेरा सुरू झाला. मग म्हणाला, “चालू असताना कोणी तरी लाईट काढून राहिलं याची. बॅटरी तर नाहीच आहे, प्लग निघाला की जागच्या जागी मरते. असं रोज झालं तर बिघडणारच.”

“आमच्याकडे लाईट जाते हो सारखी,” मी म्हणाले. मला ते पटलं, कारण खरोखर जायची. दोष देण्यासारखं दुसरं कोणी मिळालं याचं बरंही वाटलं.

संध्याकाळी लॅपटॉप लावला. सुरू होता होता मधोमध एक चौकोन उमटला, दोन ओळी आणि खाली बटण. मी डोळ्यांनी न पाहताच बोटाने तो घालवला. असे चौकोन येतच असतात. सात वाजता मुन्ना दिसला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

“बाबा, सगळं ठीक आहे नं?”

बाबा सरसावून बसले. “पोट सकाळी साफ झालं. दोन पोळ्या खाल्ल्या, वांग्याची भाजी खारट होती. डावा गुडघा कालच्यापेक्षा जास्त दुखून राहिला. दुपारी जरा चक्कर आल्यासारखी वाटली, मग नाही वाटली.”

“चक्कर?” मुन्नाचा चेहरा पडदाभर झाला. “ताई, ऐकलं नं? चक्कर म्हणतात ते!”

मी मागून हातवारे करत होते, बाबांना ते दिसायचं कारणच नव्हतं. कॉल संपला तेव्हा मुन्नाचा स्वर बदललेला होता. उद्या सातला बघतो, एवढंच तो म्हणाला.

“बाबा,” मी म्हणाले, “तो काय विचारून राहिला अन् तुम्ही काय सांगून राहिले! ठीक आहे, एवढं म्हटलं की संपतं नं. दोन शब्द!”

“त्यानं विचारलं, मी सांगितलं.”

“आई गेल्यापासून एकदाही तुमच्या तोंडून ऐकलं नाही मी. मुन्ना घाबरतो तो यालाच.”

मी भाजीत पाणी घालून ती गरम करायला गेले.

रविवारी सकाळी उठून पाहते तो पहिले पाढे पंचावन्न. निळा पडदा, तेच वाक्य. बाबा गॅलरीत तूरडाळ निवडत बसले होते. माझी चाहूल लागताच मागे न वळता म्हणाले, “मी काहीच नाही केलं.”

मग मात्र माझा तोल गेला. “मीच करते सगळं! दर शनिवारी दोन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेते, दुकानदारांच्या पाया पडते, मुन्न्याशी भांडते. तुम्हाला जायचंच आहे का पुण्याला? तसं सांगा, मी आत्ता फोन लावते त्याला. तीस टक्के, बत्तीस टक्के करत इथं बसायचा कंटाळा आलाय मला!”

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून ऐकू लागली. बाबांनी डाळीतला खडा चिमटीत धरून कितीतरी वेळ पाहिला आणि कठड्याबाहेर टाकला. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मला वाईट वाटलं, पण राग वाईट वाटण्यापेक्षा मोठा होता.

जेवण होईस्तोवर लॅपटॉप कसाबसा जागेवर आला. मी तो तसाच चालू ठेवला, “जरा पडते” म्हणाले, आणि आतल्या खोलीत जाऊन दार अर्धं लोटून घेतलं. पलंगावरून शिलाई मशीन बरोबर दिसतं. इमरानभाईचं बोलणं आता डोक्यात घोळत होतं. सकाळपासून लाईट एकदाही गेली नव्हती.

थोड्या वेळाने बाबा आले. पडद्यावर तो कालचा चौकोन पुन्हा आला होता. त्यांनी चष्मा सारखा केला, पुढे वाकले, ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा वाचलं. बोट बटणापर्यंत नेलं. मग त्यांनी बोट मागे घेतलं, मशीनला धरून गुडघ्यावर हात देत वाकले आणि भिंतीतून प्लग उपटला.

पंख्याची घरघर थांबली. पडदा काळा झाला.

“बाबा!”

ते दचकले. प्लग त्यांच्या हातातच होता.

“काहीच नाही केलं म्हणता, अन् हे काय?”

“लॅपटॉपला मी हात नाही लावला. प्लग काढला.”

“का? पण का?”

“मग काय करू? एकच बटण आहे तिथं. ‘ठीक आहे’. अन् मला ठीक नाही वाटत.”

मी कपाळावर हात मारला. तीन आठवडे, बसचे धक्के, इमरानभाई, मुन्नाच्या धमक्या, आणि हे सगळं कशापायी? तर नाझर साहेबांना संगणकाचं म्हणणं मान्य नव्हतं!

“अहो, ते नुसतं म्हणायचं असतं! दाबायचं अन् मोकळं व्हायचं. अख्खं जग दाबतं.”

“जगाचं जग पाहील. कोर्टात साक्षीदाराला त्याचा जबाब वाचून दाखवत. बरोबर आहे, असं तो स्वतः म्हणाला की मग सही. वाचल्याशिवाय, पटल्याशिवाय होकार देत नसतात. जन्मभर तेच केलं मी.”

“हे कोर्ट नाही!”

“कोपऱ्यात फुली आहे, तीही मारून पाहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तो काही तरी सांगून राहिला, कुंदा. रोज सांगून राहिला. तू वाचलं का एकदा तरी?”

मी वाचलं नव्हतं. पण तसं कबूल करायची माझी तयारी नव्हती. “काय लिहिलंय असं मोठं?”

बाबांना पाठ होतं. “‘या संगणकाच्या डिस्कमध्ये बिघाड आढळला आहे. ती कोणत्याही क्षणी बंद पडू शकते. त्वरित उपाय करा.’ अन् त्याच्या खाली, ठीक आहे.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “यात ठीक काय आहे?”

इंग्रजीत ते बटण ‘ओके’ म्हणालं असतं तर बाबांनीही विचार न करता दाबलं असतं, हे मला तेव्हा लख्ख कळलं. मुन्नाने मराठी करून घात केला होता. मला हसू यायला हवं होतं. आला तो संतापच.

“मुन्ना उद्या निघेल, बाबा. या घराला कुलूप लागेल. तुमचा चहा, तुमचे वकील, सगळं सुटेल. एक बटण दाबवत नाही म्हणून! माझं काय, मी सांगेन त्याला की बाबांचं ठीक नाही—”

“तुझी आईही रोज सांगे,” बाबा म्हणाले.

ते मशीनच्या स्टुलावर बसले. प्लग अजून हातात होता, त्याच्याकडेच पाहत बोलले.

“जिन्यात बसे ती. भाजी घेऊन आली की मधल्या पायरीवर. म्हणे, जरा दम लागून राहिला हो. मी वरून म्हणे, ठीक आहे, ये हळूहळू. दोन-चार दिवस गेले की पुन्हा म्हणे. मी म्हणे, ठीक आहे. मला वाटे, उत्तर दिलं. पुढं तिनं सांगणंच सोडून दिलं. मी म्हटलं, बरी झाली असेल.”

आई एका सकाळी स्वयंपाकघरातच गेली होती. हृदयाची झडप बऱ्याच दिवसांपासून खराब असणार, असं नंतर डॉक्टर म्हणाले होते. आम्ही तिघांनीही ते ऐकलं होतं आणि त्यावर आमच्यात कधी एक शब्द झाला नव्हता. बाबा रडत नव्हते. ते तसेच बसून राहिले आणि माझा सगळा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

“जाऊ द्या बाबा,” मी म्हणाले. “ठीक आहे.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मीच ओशाळले.

मी प्लग त्यांच्या हातातून घेतला आणि लावला. पुन्हा निळा पडदा, पुन्हा टक्केवारी. या वेळी आम्ही दोघंही समोर बसून होतो. बाबांनी चहा केला, तो प्यालो. साठ टक्क्यांवर तो इतका वेळ अडला की आता मुन्नाला आधीच फोन करून टाकावा असं माझ्या मनात आलं. “थांब,” बाबा म्हणाले. सात वाजायला थोडा वेळ उरला असताना पडदा उजळला आणि पाठोपाठ मधोमध तो चौकोन आला. सवयीने माझं बोट पुढे गेलं आणि थबकलं.

“आता?” बाबांनी विचारलं.

मी बाण त्या चौकोनाच्या वरच्या कडेवर नेला, तो धरला आणि ओढत ओढत पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. “राहू द्या तिथं. होकार नाही, नकार नाही.”

“म्हणजे प्रकरण प्रलंबित,” बाबा म्हणाले. दोन दिवसांत ते पहिल्यांदा खुलले.

मुन्ना वेळेवर आला. बाबांना पाहून त्याचा चेहरा सैल पडला. बाबांनी त्याला पोटाचं, गुडघ्याचं आणि डाळीतल्या खड्यांचं सविस्तर सांगितलं. आज चक्कर आली नव्हती. मुन्ना हसला. “बरं, मग उद्या नाही निघत मी. जिंकले तुम्ही.” बाबांनी मशीनच्या टेबलावर हलकेच थाप मारली. त्यांचं घर राहिलं होतं.

“अन् ताई, तू कशी आहेस? दमलेली दिसते. सगळं ठीक आहे नं?”

मी तोंड उघडलं. शब्द ओठांवर आलेही होते.

“काल तुझी बॅग मी उचलली,” बाबा शेजारून म्हणाले. ते पडद्याकडेच पाहत होते. “एक ड्रेस आहे तिच्यात, टॉवेल आहे. काही जड नाही.”

पलीकडे मुन्ना “काय? आवाज येत नाहीये,” म्हणत होता. कोपऱ्यात तो चौकोन तसाच होता. माझ्या नोकरीच्या बँकेतल्या पायऱ्या, बसस्टँडचा चढ, रात्री दोन उशा घेऊन झोपणं, या सगळ्याला मी वजन, वय आणि धावपळ अशी नावं देऊन ठेवली होती. विचारायला माझ्या वर्ध्याच्या घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि मी स्वतःला विचारलं की उत्तर ठरलेलं होतं.

“मुन्ना,” मी म्हणाले, “मला जिना चढताना दम लागतो. दिवाळीपासून. मध्येच बसावं लागतं.”

बाबांनी आपला हात माझ्या पाठीवर ठेवला.

मुन्ना सोमवारी पहाटे निघालाच. गाडी घेऊन तो आला आणि बाबांनी कोणी न सांगता घराचे दिवे बंद केले, गॅस बंद केला, दाराला स्वतःच्या हाताने कुलूप लावलं. ज्या कुलपावरून आम्ही महिनाभर भांडत होतो ते त्यांनी दोन वेळा ओढून पाहिलं, किल्ली भाडेकरूंकडे दिली आणि माझ्या शेजारी गाडीत बसले. गाडी नागपूरला गेली.

पुढे बाबा त्या घरी परत आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. मुन्नाने पुण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. लॅपटॉप मात्र आम्ही परतलो तेव्हा उठला नाही. निळा पडदाही आला नाही. त्याने सांगायचं ते सांगून झालं होतं.

आता इतक्या वर्षांनी, छातीवरच्या वणावरून साबणाचा हात फिरताना मला आठवते ती नागपूरच्या दवाखान्यातली दुपार. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. आईची होती तीच झडप, आता थांबण्यात अर्थ नाही, असं ते सांगत होते. मी कॉटवर होते. सही बाबांनी करावी असा माझा हट्ट होता. बाबांनी डॉक्टरांना कागदावर हृदय काढून दाखवायला लावलं. ते पुन्हा समजावून घेतलं. धोका किती ते विचारलं. नाही केलं तर काय होईल ते विचारलं. कागद मराठीत आहे का ते विचारलं, तो आल्यावर चष्मा पुसून एकेक ओळ ओठ हलवत वाचली. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

“बाबा, करून टाका नं सही,” मुन्ना ओशाळून म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. कागद गुडघ्यावर ठेवून ते माझ्याकडे वळले.

“तुला समजलं का सगळं?”

“समजलं.”

“भीती वाटते?”

“वाटते, बाबा.”

त्यांनी मान हलवली. पेनाचं टोपण काढायला त्यांना वेळ लागला, बोटं ऐकत नव्हती. मुन्ना पुढे झाला, त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. टोपण निघालं.

“ठीक आहे,” बाबा म्हणाले.